स्क्रीनवरचा चेहरा मातीत: ‘सुपर स्कल्पी फर्म’चं परीक्षण

रोज ज्याचे व्हिडिओ पाहतो त्या माणसाचा तळहातावर मावेल एवढा अर्धपुतळा करायचा असेल, तर ‘सुपर स्कल्पी फर्म’ या राखाडी पॉलिमर क्लेला आमची पहिली पसंती आहे. ही माती बोटाच्या ओझरत्या दाबाने ढळत नाही. पापणीची कड कोरून झाल्यावर कानाशी काम करताना अंगठा चुकून गालाला टेकला तरी गाल बसत नाही. शिवाय ती हवेत वाळत नाही. आज केलेलं नाक पटलं नाही तर पुढच्या आठवड्यात काढून नवं बसवता येतं. ओळखीचा चेहरा जुळवण्याच्या कामात ही मोकळीक सगळ्यात मोलाची. दोष दोन आहेत: सुरुवातीला मळताना ती हाताची परीक्षा पाहते, आणि भाजल्यावर तिचे बारीक भाग ठिसूळ राहतात. दोन्हींवर उपाय आहेत, पण ते माहीत नसतील तर कित्येक दिवसांचं काम शेवटच्या तासाभरात वाया जाऊ शकतं.

पॉलिमर क्ले ही खरी माती नव्हे. पीव्हीसीची अतिशय बारीक भुकटी, तिला मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर हे तेलकट द्रव्य आणि थोडा भराव एवढंच तिच्यात असतं. उष्णतेने पीव्हीसीचे कण प्लास्टिसायझर शोषून घेतात, फुगतात आणि एकमेकांत मिसळून एकजीव होतात. पाणी नसल्यामुळे पाण्याच्या मातीसारखी ती वाळून आटत नाही. ओव्हनमध्ये ठेवलेला चेहरा जवळपास त्याच मापाचा बाहेर येतो. पुढे दिसणाऱ्या बहुतेक अडचणी, म्हणजे कच्ची माती प्लास्टिकच्या डबीला चिकटणं, स्प्रे पेंट चिकट राहणं, कमी भाजलेला कान तुटणं, याच रचनेतून येतात.

पॉलिफॉर्म ही अमेरिकन कंपनी ‘सुपर स्कल्पी’ याच नावाने आणखी दोन प्रकार बनवते. मूळ प्रकार गुलाबी-बदामी रंगाचा, मऊ आणि किंचित पारभासक आहे. हाताला तो फार सुखद लागतो, पण प्रकाश त्याच्या पृष्ठभागात थोडा शिरतो आणि सावल्या पुसट होतात. नाकपुडीची वळणं, ओठाच्या वरची खळगी हे उठाव डोळ्यांना नीट दिसतच नाहीत, मग कोरताना अंदाज चुकतो. ‘मीडियम’ राखाडी आहे, फर्मपेक्षा मऊ आणि भाजल्यावर थोडी चिवट. फर्म सगळ्यात कडक आणि पूर्ण अपारदर्शक. चेहऱ्यातला अर्ध्या मिलिमीटरचा फरकही तिच्या राखाडी रंगावर सावलीतून कळतो, आणि चेहरा ओळखीचा वाटतो किंवा वाटत नाही तो अशाच फरकांमुळे. फर्म फारच कडक वाटली तर तिच्यात बदामी प्रकार निम्म्याला निम्मा मिसळण्याची पद्धत बऱ्याच शिल्पकारांमध्ये आहे. मोठ्या केसांसाठी, कपड्यांच्या घड्यांसाठी ते मिश्रण छान. डोळे आणि ओठ मात्र निव्वळ फर्ममध्येच करावेत.

आता संदर्भाच्या फोटोंकडे वळू. कितीही उत्तम माती घेतली तरी चुकीच्या फोटोंवरून चुकीचाच चेहरा घडतो, आणि ऑनलाइन कलाकारांच्या बाबतीत हा धोका मोठा आहे. यांचा चेहरा आपण हजार वेळा पाहिलेला असतो, पण जवळजवळ नेहमी एकाच कोनातून, कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, समोरून पडणाऱ्या सपाट उजेडात. कॅमेरा हाताच्या अंतरावर असला की नाक मोठं दिसतं, कान मागे दडतात, चेहरा अरुंद होतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अभ्यासातलं गणित असं: १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत पुरुषाचं नाक चेहऱ्याच्या मानाने ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. अशा फ्रेमवरून थेट मापं घेतली तर समोरून चेहरा ओळखू येतो, पण पुतळा थोडा फिरवला की परका माणूस दिसू लागतो.

म्हणून डोक्याची मूळ मापं दुरून चित्रित झालेल्या फ्रेममधून घ्यायची: कुणाच्या तरी मुलाखतीत पाहुणा म्हणून बसलेला असताना, रंगमंचावर, दुसऱ्या कलाकाराच्या व्हिडिओत. मुलाखतींमध्ये माणूस यजमानाकडे वळून बसतो, त्यामुळे बाजूचा चेहरा हमखास मिळतो. तोच सगळ्यात दुर्मीळ आणि सगळ्यात उपयोगी. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून कीबोर्डवरचा पूर्णविराम दाबला की एक फ्रेम पुढे जाते, स्वल्पविराम दाबला की एक मागे. मान वळवण्याच्या अर्ध्या सेकंदात पूर्ण समोरचा, पाऊण आणि बाजूचा असे तिन्ही कोन सापडतात. व्हिडिओचा दर्जा सर्वांत वरचा निवडा. कमी दर्जात कॉम्प्रेशनमुळे त्वचा गुळगुळीत होते आणि गालाच्या हाडाची कड नाहीशी होते. सौंदर्याचे फिल्टर लावलेल्या फ्रेम तर मापासाठी वापरूच नका, कारण त्यांत जबडा बारीक आणि डोळे मोठे केलेले असतात. जवळून घेतलेल्या फ्रेम टाकून द्यायच्या नाहीत. भाव, भुवयांची ठेवण, दातांची फट, ओठांच्या कोपऱ्यातली मुरड त्यांतूनच घ्यायची.

आरशाची गडबडही तपासा. काही स्ट्रीमर वेबकॅमचं चित्र उलटं ठेवतात, मग भांग, तीळ, वर जाणारी भुवई सगळं विरुद्ध बाजूला दिसतं. टी-शर्टवरची किंवा मागच्या फलकावरची अक्षरं वाचता येतात का, यावरून लगेच कळतं. चेहरे कधीच दोन्ही बाजूंनी सारखे नसतात. वाकडेपणा चुकीच्या बाजूला गेला तर पाहणाऱ्याला काय बिघडलंय ते सांगता येत नाही, पण काहीतरी खटकत राहतं.

माप म्हणाल तर एक-तृतीयांश हे सोयीचं. प्रौढ माणसाचं डोकं हनुवटीपासून टाळूपर्यंत साधारण २२ ते २३ सेंमी. असतं, म्हणजे पुतळ्यात साडेसात सेंमी. बुबुळासकट डोळ्याचा गोल सुमारे २४ मिमी.चा, पुतळ्यात ८. दोन बाहुल्यांमधलं सरासरी अंतर ६३ मिमी., पुतळ्यात २१. ही सरासरी फक्त पाया म्हणून घ्यायची. खरं माप तुमच्या कलाकाराच्या फ्रेमवरून काढायचं. समोरच्या फ्रेममध्ये बाहुल्यांमधलं अंतर हे एकक धरा आणि नाकाची लांबी, तोंडाची रुंदी, हनुवटीची उंची त्या एककाच्या पटीत लिहून ठेवा. मग कॅलिपर किंवा साधा कंपास घेऊन तीच गुणोत्तरं मातीत तपासत राहा. याहून लहान पुतळा करायचा मोह टाळलेला बरा. एक-षष्ठांश मापात डोळा ४ मिमी.चा होतो आणि पापणी कोरायला हातात भिंग लागतं. ४५४ ग्रॅमच्या एका पुड्यात, आत फॉइलचा गाभा असेल तर, एक-तृतीयांश मापाचं डोकं, मान आणि खांद्यांचा थोडा भाग आरामात होतो.

सांगाड्यासाठी ३ मिमी.ची ॲल्युमिनियमची तार दुहेरी पिळून लाकडी पाटाला स्क्रूने घट्ट बसवा. लाकूड आधी एकदा ओव्हनमध्ये १३० अंशांवर अर्धा तास नुसतंच तापवून घ्या, म्हणजे त्यातला ओलावा आणि चीक आत्ताच निघेल; नाहीतर भाजताना लाकूड हलतं आणि मानेच्या बुडाशी तडा जातो. तारेवर स्वयंपाकघरातलं ॲल्युमिनियम फॉइल चुरगाळून अंड्याच्या आकाराचा गाभा करा. इथे हयगय नको. फॉइल अगदी कडक दाबलं पाहिजे, हातोडीने हलके ठोकलं तरी चालेल. सैल गाभ्यात हवा राहते, ती तापल्यावर पसरते आणि मातीला बाहेर ढकलते. गाभा शेवटच्या पृष्ठभागापेक्षा सगळीकडून ८ ते १० मिमी. आत असावा. कानशिलं, गालफडं आणि मानेचा मागचा खळगा या तीन जागी तो हमखास जास्त फुगतो आणि मग ऐन कोरताना चांदी उघडी पडते. फॉइलवर पांढऱ्या गोंदाचा पातळ हात देऊन पूर्ण वाळू दिला की माती घसरत नाही.

आता मळणं. पुड्यातून काढलेली फर्म पहिल्यांदा भुगा होते आणि नवखा माणूस घाबरतो. माती खराब नसते, थंड असते. पाच-सहा मिमी.च्या चकत्या कापा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून थोडा वेळ अंगाजवळ धरा आणि मग थोडी थोडी घेऊन मळा. क्लेसाठी ठेवलेलं रोलर मशीन असेल तर सगळ्यात जाड फटीतून पंधरा-वीस वेळा काढा. घडी नेहमी बाजूने किंवा खालून घाला, वरून घातली की आत हवा अडकते. तरीही तडकत असेल तर स्कल्पीचंच क्ले सॉफ्टनर मुठीएवढ्या गोळ्याला एक-दोन थेंब, त्याहून जास्त नाही. जास्त झालं की फर्मचा फर्मपणाच जातो, बोटांचे ठसे उमटू लागतात. स्वयंपाकाचं तेल मिसळू नका. मळताना कंटाळून अर्धवट सोडलेली माती भाजल्यावर त्याच रेषेत फुटते, तेव्हा दुमडल्यावर कड न तडकता वाकेपर्यंत मळत राहायचं.

चेहरा बांधताना आधी ढोबळ आकार आणि शेवटी बारकावे. डोळ्यांचे ८ मिमी.चे गोल आधीच वेगळे भाजून ठेवावेत. पुतळा रंगवायचा असेल तर स्टीलचे ८ मिमी.चे छर्रेही चालतात. कडक गोल खोबणीत बसवला की पापण्या त्यावर पातळ पट्टीसारख्या ओढता येतात आणि डोळा चेपत नाही. डोकं उभं धरलं तर डोळे बरोबर मध्यावर येतात. नवशिके ते वर नेतात आणि कपाळ लहान, चेहरा मोठा होऊन बसतो. मग भुवईचं हाड, गालाचं हाड, जबड्याची रेषा, हनुवटी. या टप्प्यावर तोंड-नाक नसतानाही दोन हातांवरून पाहिल्यावर ‘हा तोच’ असं वाटू लागलं पाहिजे. वाटत नसेल तर पुढे जाऊ नका, कारण भुवया आणि दाढी कोरून चेहरा जुळत नाही, फक्त वेष जुळतो. पुतळ्याचा फोटो काढून तो मूळ फ्रेमच्या शेजारी, त्याच कोनात आणि तितक्याच दुरून ठेवून पाहा. मोबाइलवर फोटो आडवा उलटवला की चूक आणखी लवकर दिसते. कामाच्या जागी दिवा एका बाजूने आणि थोडा वरून असावा. समोरच्या गोल दिव्यात माती सपाट दिसते.

हास्याबद्दल आमचं मत ठाम आहे. विनोदी कलाकाराचा पुतळा म्हटल्यावर तोंड उघडून हसणारा चेहरा करावासा वाटतो. पण उघड्या तोंडात दातांची कमान, जिभेची खोली, वर चढलेले गाल, खालच्या पापणीचा फुगवटा, रुंदावलेल्या नाकपुड्या असं सगळं एकदम बदलतं, आणि त्यातली एक गोष्ट चुकली की हसू किंचाळण्यासारखं दिसतं. त्यापेक्षा हसू येण्याच्या आधीचा क्षण निवडा: एक भुवई जरा वर, ओठांचे कोपरे आत दाबलेले. तोच क्षण त्याच्या चाहत्यांना पाठ असतो. दात दाखवायचेच असतील तर वरच्या ओळीची एकसंध, घोड्याच्या नालेसारखी पट्टी करा आणि दातांमधल्या रेघा अगदी उथळ ठेवा. खोल रेघा कोरल्या की दात मोजण्याइतके सुटे दिसतात. ओठ आधी मिटलेले घडवून मग उघडणं सोपं जातं.

नजरेचंही तसंच. हा माणूस कायम लेन्सकडे पाहत आलेला आहे, म्हणून पुतळ्याने अनंताकडे पाहू नये. साधारण हातभर अंतरावरच्या एका बिंदूवर दोन्ही डोळे जुळवावेत. पुतळा न रंगवता राखाडीच ठेवणार असाल तर बुबुळ मातीतच दिसायला हवं. अठराव्या शतकातला फ्रेंच शिल्पकार झाँ-आंत्वान उदों संगमरवरात बुबुळ आत पोखरायचा, बाहुलीचं भोक त्याहून खोल घ्यायचा आणि वरच्या बाजूला दगडाचा एक छोटा कण शिल्लक ठेवायचा. त्या कणावर उजेड पडतो आणि डोळा ओला, जिवंत वाटतो. त्याने १७७५ मध्ये घडवलेला गायिका सोफी आर्नूचा अर्धपुतळा आज लूव्र संग्रहालयात आहे. करमणूक करणाऱ्या कलाकाराचा चेहरा आदराने घडवण्याची परंपरा एवढी जुनी आहे. एक-तृतीयांश मापातही ही युक्ती चालते. कच्च्या गोलातच ४ मिमी.ची वाटी आणि मध्ये खड्डा करून कण सोडा, गोल भाजा आणि मग खोबणीत फिरवून नजर लावा.

कोरण्याच्या अवजारांवर फार खर्च नको. तारेच्या फासाची दोन अवजारं, एक बोथट सुई, आणि सिलिकॉनचं टोक असलेली एक-दोन ब्रशसारखी अवजारं पुरतात. शेवटच्या सफाईसाठी ९१ टक्के किंवा त्याहून शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ ब्रशने हलके फिरवावं. फर्मवर ते सावकाश काम करतं, आणि हे चांगलंच आहे. मऊ मातीवर याच ब्रशने पापणीची कड पाच फेऱ्यांत पुसून जाते. ब्रश ओला नको, दमट हवा. अल्कोहोल ज्वालाग्राही आहे, म्हणून ते वापरल्यावर पुतळा किमान रात्रभर उघडा ठेवून मगच ओव्हनकडे न्यावा. त्वचेची छिद्रं उमटवायची तर मातीवर पातळ प्लास्टिक धरून त्यावरून ताठ ब्रशने टोचा. सरळ टोचलं तर कडा उभ्या राहतात आणि चेहरा देवी आलेला दिसतो.

केस म्हणजे तंतू नव्हेत, मोठ्या बटा. कवटी पूर्ण घडवून मग त्यावर पाच-सात मोठे गठ्ठे बसवा, त्यांच्यात दिशा दाखवणाऱ्या रेघा ओढा आणि थांबा. मोकळ्या लोंबणाऱ्या बारीक बटा फर्ममध्ये करू नका. भाजल्यावर त्या पहिल्या धक्क्यात जातात. चष्म्याच्या काड्यांचंही तेच, ०.८ ते १ मिमी.ची तार वाकवून चष्मा वेगळा करा आणि काच म्हणून काही न घालता नुसती चौकट ठेवा. पारदर्शक पातळ पत्रा घालायचा तर तो सगळं भाजून, रंगवून झाल्यावर. हेडफोन वेगळे घडवून वेगळे भाजावेत, पण त्यांच्या खालची कवटी आणि केस दाबलेले दाखवायला विसरू नये. केसांच्या वर तरंगणारा हेडफोन खेळण्यातला वाटतो. अशा पातळ भागांसाठी ‘कॉसक्ले’ ही भाजल्यावरही लवचिक राहणारी पॉलिमर क्ले जास्त योग्य आहे. चेहरा फर्मचा आणि माइकची वायर, बटा, टोपीची दोरी कॉसक्लेची अशी जोडी आमच्या पाहण्यात सगळ्यात टिकाऊ ठरते. तिचंही तापमान फर्मशी जुळतं, त्यामुळे दोन्ही एकत्र भाजता येतात.

भाजण्याचा नियम पुड्यावर छापलेला आहे: १३० अंश सेल्सिअस, जाडीच्या दर ६ मिमी.ला १५ मिनिटं. एक सेंमी. थरासाठी हा हिशोब २५ मिनिटांवर येतो. प्रत्यक्षात तापमान बरोबर असेल तर ४५ मिनिटं ते एक तास ठेवल्याने नुकसान होत नाही, उलट आतपर्यंत नीट एकजीव होते. नुकसान होतं ते तापमान चुकल्याने. घरगुती ओव्हनची चकती १३० दाखवत असताना आत १५० असू शकतं, आणि गरम-थंड होण्याच्या फेऱ्यांत ते आणखी वर जातं. त्यामुळे आत ठेवायचा वेगळा थर्मामीटर घेणं ही या कामातली सगळ्यात गरजेची खरेदी आहे, अवजारांच्याही आधीची. तो पुतळ्याच्या उंचीलाच ठेवा. पुतळा मधल्या फळीवर, वरच्या कॉइलपासून लांब, आणि त्यावर फॉइलचा सैल तंबू. तंबू नसेल तर नाकाचा शेंडा आणि केसांची टोकं करपून तपकिरी होतात. मायक्रोवेव्ह चालणार नाही. तापमान १७५ अंशांच्या वर गेलं तर पीव्हीसी विघटित होऊन हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू सुटू लागतो. झोंबरा वास आला की ओव्हन बंद, खिडक्या उघड्या आणि खोलीबाहेर. अन्नासाठी वापरायच्या ओव्हनमध्ये भाजायचंच असेल तर पुतळा फॉइलने पूर्ण बंद केलेल्या ट्रेमध्ये ठेवा आणि नंतर ओव्हन आतून पुसून घ्या. हीट गनने, म्हणजे गरम हवा फेकणाऱ्या यंत्राने, जागच्या जागी भाजण्याचा सल्ला आम्ही देत नाही. एक जागा उकळते आणि शेजारची कच्ची राहते.

वेळ संपली की दार बोटभर उघडून पुतळा आतच थंड होऊ द्या. गरम पुतळा बाहेर काढला की बाहेरचा थर आधी आक्रसतो, आतला फुगलेलाच असतो, आणि ताण सुटायला जागा शोधतो: कानामागे, मानेत, केसांच्या सांध्यात. तडे गेले तरी धीर सोडू नका. फटीत थोडी लिक्विड स्कल्पी, म्हणजे द्रवरूप पॉलिमर क्ले, भरा, वरून कच्ची माती दाबा, सफाई करा आणि पुन्हा १५-२० मिनिटं भाजा. ही माती अनेकदा भाजता येते, म्हणूनच डोळे आधी, मग चेहरा, मग केस आणि कपडे असं टप्प्याटप्प्याने भाजणं सुरक्षित. भाजलेल्या भागावर कच्ची माती नुसती दाबून चिकटत नाही, मध्ये लिक्विड स्कल्पीचा पातळ थर हवाच. भाजून थंड झालेल्या तुकड्याचा पातळ भाग किंचित वाकला आणि परत आला तर काम नीट झालं. खडूसारखा तुटला तर तो कमी भाजला आहे, पुन्हा ओव्हनमध्ये घाला. परीक्षेसाठी त्याच मातीची दोन मिमी.ची पट्टी शेजारी भाजायला ठेवावी.

घासायचं असेल तर पाण्यात बुडवून, ४००च्या पॉलिश पेपरपासून ६००, ८००, गरज वाटली तर १२०० पर्यंत. कोरडं घासू नका. भुकटी श्वासात जाते.

रंगाच्या बाबतीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: डब्यातले स्प्रे, मग ते प्रायमर असोत की वॉर्निश, या मातीवर धोक्याचे. त्यांतली द्रावणं प्लास्टिसायझरशी मिसळतात आणि पृष्ठभाग कधी लगेच, कधी महिन्यांनी चिकट होतो. त्यावर बसलेली धूळ मग निघत नाही. एखादा ब्रँड चालेलही, पण तो आधी भाजलेल्या तुकड्यावर मारून काही आठवडे ठेवल्याशिवाय चेहऱ्यावर मारू नये. पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक प्रायमर ब्रशने किंवा एअरब्रशने देणं उत्तम. त्याआधी पुतळा अल्कोहोलच्या फडक्याने पुसून बोटांचा तेलकटपणा काढावा. त्वचेचा रंग एका बाटलीतून येत नाही. गव्हाळ-सावळ्या त्वचेसाठी बर्न्ट सिएना, यलो ओकर, थोडा पांढरा आणि सावलीसाठी बर्न्ट अंबरमध्ये चिमूटभर अल्ट्रामरीन. काळा रंग मिसळला की त्वचा मळकट दिसते. पाण्यासारखे पातळ हात एकावर एक द्या: कपाळ जरा पिवळसर, गाल-नाक-कान तांबूस, हनुवटी आणि दाढीचा भाग निळसर-करडा. शेवटी सगळीकडे मॅट वॉर्निश, फक्त डोळ्यांवर आणि खालच्या ओठावर ग्लॉस. डोळ्यांत रिंग लाइटचं गोल प्रतिबिंब रंगवण्याची हौस समजण्यासारखी आहे, पण ते एकाच कोनातून खरं वाटतं. ग्लॉसचा जाड थेंब कुठूनही चमकतो.

इतर माती कधी घ्यावी? पुतळ्याच्या अनेक प्रती काढायच्या असतील तर भाजायची गरजच नाही. ‘मॉन्स्टर क्ले’सारखी मेण-तेलाची माती घ्या, ती गरम करून वितळवता येते आणि पुन्हा पुन्हा वापरता येते. साच्यासाठी प्लॅटिनम सिलिकॉन वापरणार असाल तर माती गंधकविरहित आहे ना, हे आधी पाहा. गंधक असेल तर सिलिकॉन सेट होत नाही. ‘मॉन्स्टर क्ले’ गंधकविरहित आहे. ओव्हनच नसेल तर ‘एपॉक्सी स्कल्प्ट’सारखी दोन समान भाग मिसळून घट्ट होणारी पुट्टी आहे, २४ तासांत ती कडक होते आणि फर्मपेक्षा मजबूतही असते. पण तिच्यात काम करायला दोन-तीन तासच मिळतात. चेहरा जुळवायला तेवढा वेळ पुरत नाही, म्हणून ती आम्ही टोपी, खांदे, पाया यांच्यापुरतीच ठेवू. ‘फिमो’ ही दुसरी पॉलिमर क्लेही छान आहे, पण तिचं भाजण्याचं तापमान ११० अंश, त्यामुळे फर्मबरोबर एकाच वेळी भाजायला ती जुळत नाही.

उरलेली कच्ची माती पॉलिथिनच्या पिशवीत किंवा पॉलिप्रोपिलीनच्या डब्यात, उन्हापासून दूर ठेवा. पारदर्शक कडक प्लास्टिकच्या डब्या बहुधा पॉलिस्टायरीनच्या असतात, माती त्यांना खाते आणि दोन्ही चिकटून बसतात. उन्हात तापलेल्या गाडीत पुडा राहिला तर माती पिशवीतच अर्धवट शिजते. मळताना कडक खडे लागले तर हेच झालेलं असतं. असे पुडे दुकानातही सापडतात, म्हणून घेताना वेष्टनावरून अंगठ्याने दाबून पाहावं. थोडा तरी खळगा पडला पाहिजे.

पुतळा कलाकाराला पाठवणार असाल तर आधी तो भेटवस्तू स्वीकारतो का आणि कुठल्या पत्त्यावर, हे त्याच्या अधिकृत पानावर पाहा. घरचा पत्ता शोधून काढून पाठवणं हा आदर नव्हे. प्रती विकायच्या असतील तर परवानगी लेखी घ्या, कारण अनेक देशांत माणसाच्या चेहऱ्याचा व्यापारी वापर त्याच्या हक्कात मोडतो. पाठवताना वॉर्निश पूर्ण वाळायला किमान आठवडा द्या. पुतळ्याला थर्मोकोल किंवा बबल रॅप थेट लागू देऊ नका, ते रंगाला चिकटतात. आधी बटर पेपर, मग मऊ फोम. पाया आतल्या खोक्याच्या तळाला स्क्रूने बसवा म्हणजे वजन मानेवर येत नाही, आणि आतल्या-बाहेरच्या खोक्यात सगळीकडून पाच सेंमी. भराव ठेवा. चष्मा आणि हेडफोन सुटे, वेगळ्या डबीत, ते कसे बसवायचे त्याच्या फोटोसकट.